रक्ताची पिशवी आणि प्रकाश : काय साधते, काय साधत नाही

रक्त चढवण्याआधी दवाखान्यात एक कागद पुढे येतो आणि नातेवाइकाला सही करायला सांगतात. तपासलेल्या रक्तातूनही क्वचित एखादा आजार लागू शकतो, हे समजले असल्याचे त्यावर लिहिलेले असते. वस्त्यांमध्ये आरोग्याच्या कामासाठी फिरताना आयाबाया आम्हाला विचारतात, "सिस्टर, रक्त तपासूनच देतात ना? मग सही कशाला?" ज्या घरात सिकलसेलचे किंवा थॅलेसेमियाचे लेकरू आहे, त्या घराला हा प्रश्न जास्तच बोचतो. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. थॅलेसेमियाच्या लेकराला तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. इतक्या पिशव्या म्हणजे इतके वेगवेगळे रक्तदाते. त्यातला एक जरी आजारी निघाला तर?

या पाठात आपण रक्त सुरक्षित करण्याची एक रीत समजून घेऊ. रक्तात ठरावीक द्रव्य मिसळायचे, त्यावर ठरावीक प्रकाश सोडायचा आणि त्यातले विषाणू निकामी करायचे, अशी ही रीत आहे. युरोपात ती तीस वर्षांपासून वापरात आहे. आपल्याकडे ती बंधनकारक नाही. ती कशी चालते आणि रक्ताच्या कोणत्या भागाला उपयोगी पडते हे नीट कळले, तर आपल्या हातात काय आहे हेही कळते.

तपासणी असताना आणखी काय हवे?

आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे : एचआयव्ही, ब प्रकारची कावीळ, क प्रकारची कावीळ, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया. या तपासणीमुळे लाखो रुग्णांचा बचाव झाला आहे. तरीही तिच्यात दोन फटी राहतात.

पहिली फट वेळेची. विषाणू शरीरात शिरला की तो लगेच तपासणीत सापडत नाही. नेहमीच्या एलायझा तपासणीत एचआयव्हीची लागण दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. क काविळीत शरीराने तयार केलेली अँटिबॉडी शोधायची असेल, तर हा काळ दोन महिन्यांच्या आसपास जातो. मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत दिसतो, त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पण रक्तात विषाणू असतो. नॅट नावाची तपासणी थेट विषाणूच शोधते. तिच्यामुळे एचआयव्हीची फट दहा-अकरा दिवसांवर आणि क काविळीची आठवडाभरावर येते. मात्र नॅट सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही आणि देशभर सक्तीचीही नाही.

दुसरी फट यादीची. तपासणी यादीतले आजार शोधते, यादीबाहेरचे शोधत नाही. डेंग्यूचा किंवा चिकुनगुनियाचा ताप चढण्याआधी एक-दोन दिवस माणसाच्या रक्तात विषाणू असू शकतो. त्याच दिवशी त्याने रक्त दिले, तर पाचही रिपोर्ट निगेटिव्ह येतील.

ही फट किती महाग पडते, ते इतिहासाने दाखवले आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत एचआयव्ही आणि क कावीळ यांच्या तपासण्याच नव्हत्या. रक्त न गोठण्याचा आजार, म्हणजे हिमोफिलिया असलेल्या हजारो रुग्णांना अनेक देशांत औषधातूनच लागण झाली, कारण ते औषध हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवत असत. ब्रिटनमध्ये या प्रकरणाची चौकशी होऊन मे २०२४ मध्ये अहवाल आला. रक्त आणि रक्तापासून बनलेल्या औषधांतून तिथे तीस हजारांहून अधिक लोकांना लागण झाल्याचे त्यात नोंदले आहे. त्यांतले तीन हजारांवर लोक मरण पावले.

म्हणून शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. एकेक विषाणू शोधत बसण्यापेक्षा, पिशवीत जो कोणी असेल त्याला ओळख न विचारता निकामी करता येईल का?

उकळून किंवा धुऊन का भागत नाही?

पाणी आपण उकळतो, भांडी साबणाने धुतो. रक्ताच्या बाबतीतही असे उपाय झाले. हिमोफिलियाच्या औषधाची कोरडी पावडर तापवून विषाणू मारता येतात. साबणासारखी द्रव्ये वापरून विषाणूचे चरबीचे आवरण विरघळवता येते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या दोन्ही रीती आल्या आणि हिमोफिलियाच्या रुग्णांचे पुढचे नुकसान त्यांनीच थांबवले.

पण जिवंत पेशींना हे चालत नाही. रक्त तापवले तर पेशी मरतात. पेशींचे आवरणही चरबीचेच असते, त्यामुळे साबणासारख्या द्रव्याने पेशीही फुटतात. विषाणूवर घाव बसावा आणि पेशी वाचावी, असे काही तरी हवे होते. ते कुठे सापडले हे कळण्यासाठी आधी पिशवी उघडून पाहू.

पिशवीत काय असते?

शिबिरात आपण ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त देतो. आपण अजूनही 'रक्ताची बाटली' म्हणतो, पण असते ती प्लास्टिकची पिशवी. रक्तपेढीत यंत्रावर फिरवून तिचे तीन भाग करतात.

तांबड्या पेशी : प्राणवायू वाहून नेतात. बाळंतपणात जास्त रक्त गेले, अपघात झाला, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर ही पिशवी लागते. ती दोन ते सहा अंश तापमानाला साधारण ३५ ते ४२ दिवस टिकते.

प्लेटलेट : रक्तस्राव थांबवणारे छोटे कण. डेंग्यूच्या हंगामात ज्यांच्यासाठी धावाधाव होते ते हेच. ते २० ते २४ अंशांवर सतत हलते ठेवावे लागतात आणि पाचच दिवस टिकतात. फ्रीजमध्ये नसल्यामुळे या पिशवीत जिवाणू वाढण्याचा धोका सगळ्यांत जास्त.

प्लाझ्मा : पिवळसर पातळ भाग. यात रक्त गोठवणारी प्रथिने असतात. तो गोठवून वर्षभर ठेवता येतो.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींच्या पोटात केंद्रक असते आणि त्यात डीएनएचा धागा असतो. पेशीने काय करायचे, आपली नक्कल कशी काढायची, याच्या सूचना या धाग्यावर असतात. तयार तांबड्या पेशीत मात्र केंद्रक नसते. प्लेटलेटमध्येही नसते. प्लाझ्मात तर पेशीच नसतात. म्हणजे रुग्णाला जे हवे आहे, त्यातल्या कशालाही आपले काम करायला केंद्रकातला हा धागा लागत नाही.

विषाणूचे उलट आहे. विषाणू म्हणजे डीएनए किंवा आरएनएचा एक धागा आणि वर एक-दोन पदरांचे वेष्टन. शरीरातल्या पेशीत शिरायचे आणि त्या धाग्याच्या नकला काढत सुटायचे, एवढाच त्याचा धंदा. धागा बिघडवला की विषाणू पिशवीत असूनही नसल्यासारखा होतो. जिवाणू आणि मलेरियाचे जंतू यांनाही वाढायला हाच धागा लागतो. या फरकावरच ही सगळी रीत उभी आहे : धाग्यावर घाव घाला, रुग्णाच्या कामाचे तेवढे वाचते.

प्रकाश आणि द्रव्य यांची जोडी

प्रकाशाने शरीरातले पदार्थ बदलतात, हे आपण दवाखान्यात पाहिलेले आहे. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेव्हा त्याच्या अंगातले पिवळे द्रव्य प्रकाशाने बदलते आणि शरीराबाहेर पडते. रक्ताच्या पिशवीची रीत याहून वेगळी आहे, पण प्रकाश हे औषधासारखे काम करू शकतो एवढे त्यावरून ध्यानात येईल.

प्रकाश आणि रंगद्रव्य मिळून सूक्ष्म जीवांना मारतात, हे १९०० मध्ये जर्मनीत म्युनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले. तो पाण्यातल्या एकपेशीय जिवांवर ॲक्रिडीन नावाच्या रंगद्रव्याचा परिणाम पाहत होता. उजेड असला की ते जीव लवकर मरत, अंधारात तसे होत नसे. द्रव्य एकटे दुबळे, प्रकाश एकटा दुबळा, दोन्ही एकत्र आले की घाव बसतो. आज रक्तासाठी अशी तीन द्रव्ये मुख्यतः वापरतात आणि तिन्हींशी आपली थोडी ओळख आहे.

पहिले, मिथिलीन ब्लू. ताप आल्यावर आरोग्य कर्मचारी बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन जातात. मलेरियाचे जंतू दिसावेत म्हणून ती काचपट्टी ज्या रंगाने रंगवतात, त्यात हे निळे द्रव्य असते. जर्मन रेडक्रॉसच्या श्प्रिंगे येथील रक्तकेंद्रात १९९१ च्या सुमारास ते प्लाझ्मासाठी वापरण्याची रीत बसवली गेली. प्लाझ्माच्या पिशवीत अगदी थोडे मिथिलीन ब्लू मिसळतात आणि डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश सोडतात. प्रकाश शोषून ते द्रव्य जवळच्या प्राणवायूला खवळते. असा खवळलेला प्राणवायू विषाणूच्या धाग्याला जागोजागी इजा करतो. नंतर गाळणीतून उरलेला निळा रंग काढून टाकतात.

दुसरे, ॲमोटोसालेन. हे सोरालेन जातीचे मानवनिर्मित द्रव्य आहे. सोरालेन म्हणजे काय ते जुन्या माणसांना सांगावे लागणार नाही, कारण ते आपल्या बावचीच्या बियांत असते. अंगावर पांढरे कोड आले की बावची लावून उन्हात बसण्याचा उपाय आपल्या देशात फार जुना आहे. ॲमोटोसालेन विषाणूच्या धाग्याच्या दोन पदरांमध्ये जाऊन बसते. मग पिशवीवर अतिनील किरण सोडले की ते दोन्ही पदरांना पक्के चिकटते. जॅकेटच्या चेनच्या दातांत डिंक ओतावा तसे होते. चेन उघडत नाही, मग नक्कल निघत नाही. काही मिनिटांचा प्रकाश पुरतो. त्यानंतर उरलेले द्रव्य शोषून घेणाऱ्या सामग्रीत पिशवी काही तास ठेवतात. प्लेटलेट आणि प्लाझ्मा या दोन्हींसाठी ही रीत चालते.

तिसरे, रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व. बी-कॉम्प्लेक्सची गोळी खाल्ली की लघवी पिवळी होते, तो पिवळा रंग याचाच. दूध उन्हात राहिले की त्याची चव बदलते, त्यातही याचा हात असतो. अतिनील किरण पडले की ते विषाणूच्या धाग्याला इजा करते. जीवनसत्त्वच असल्यामुळे ते नंतर काढून टाकावे लागत नाही.

या रीतींचा आणखी एक फायदा आहे. दात्याच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी पिशवीत राहून जातात. त्यांना केंद्रक असते, त्यामुळे ॲमोटोसालेन किंवा रायबोफ्लेविनच्या रीतीत त्याही वाढू शकत नाहीत. फार अशक्त रुग्णांच्या शरीरात अशा पेशी वाढल्या तर रुग्णाच्याच अवयवांवर उलटतात. तो धोकाही टळतो.

प्रत्यक्षात काय झाले?

२००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ आली, ती पुष्कळांना आठवत असेल. घरेच्या घरे सांधे धरून बसली होती. त्याच सुमारास, २००५-०६ मध्ये, हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ या फ्रान्सच्या ताब्यातील बेटावर हीच साथ होती. तिथे जवळपास तीनपैकी एका माणसाला लागण झाली. रक्तदाता घ्यायचा कोण? ताप नसलेल्याच्या रक्तातही विषाणू असण्याची शक्यता होती. शेवटी बेटावरचे नेहमीचे रक्तदान थांबवावे लागले. तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा फ्रान्समधून विमानाने आणले. पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यांची वाट पाहता येत नाही. म्हणून प्लेटलेट बेटावरच्याच दात्यांकडून घेतल्या आणि ॲमोटोसालेन व अतिनील किरण वापरून सुरक्षित करून रुग्णांना दिल्या. तपासणीच्या यादीत नसलेल्या आजारासमोर या रीतीने रक्तसेवेचा एक भाग तरी चालू ठेवला.

पुढे २०११ मध्ये स्वित्झर्लंडने सगळ्याच प्लेटलेटसाठी ही रीत लागू केली. अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये ॲमोटोसालेनच्या रीतीला परवानगी मिळाली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१७ पासून सर्व प्लेटलेट अशाच प्रक्रियेतून जाऊ लागल्या.

आफ्रिकेतले उदाहरण आपल्याला जास्त जवळचे वाटेल. घाना देशात मलेरिया घरोघरी आहे, दात्यांच्या रक्तात त्याचे जंतू सर्रास असतात आणि अनेकदा भाग न करता पूर्ण रक्तच चढवले जाते. कुमासी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांच्या अंगात आधी मलेरिया नव्हता, पण ज्यांना मलेरियाचे जंतू असलेले रक्त मिळाले, अशा रुग्णांची तुलना केली. साधे रक्त मिळालेल्या ३७ जणांपैकी आठ जणांना रक्तातून मलेरिया लागला. प्रकाशाची प्रक्रिया केलेले रक्त मिळालेल्या २८ जणांपैकी एकाला लागला. आठावरून एकावर येणे ही मोठी गोष्ट आहे. पण तो 'एक' ही विसरायचा नाही. धोका कमी झाला, संपला नाही.

मर्यादा कोणत्या?

पहिली आणि आपल्यासाठी सर्वांत मोठी मर्यादा तांबड्या रंगाची. प्लाझ्मा आणि प्लेटलेट पिवळसर असतात, त्यांतून प्रकाश आरपार जातो. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते. जाड लाल पडद्यामागे दिवा लावावा तशी गत होते. प्रकाश वाढवला तर पेशींनाच इजा होते आणि त्या कमी दिवस टिकतात. घानातल्या चाचणीने पूर्ण रक्ताबाबत आशा दाखवली आहे. पण सिकलसेलच्या, थॅलेसेमियाच्या लेकरांना जी तांबड्या पेशींची पिशवी लागते, तिच्यासाठी प्रकाशाची रीत जगात कुठेही रोजच्या वापरात आलेली नाही. प्रकाशाशिवाय काम करणारे अमुस्टालिन नावाचे द्रव्य तांबड्या पेशींसाठी तपासले जात आहे. रेयुनियाँ बेटावरही तांबड्या पेशी बाहेरूनच आणाव्या लागल्या होत्या, हे आठवा.

दुसरी मर्यादा विषाणूंच्या जातीची. एचआयव्ही, ब आणि क कावीळ, डेंग्यू, चिकुनगुनिया यांच्यावर चरबीचे आवरण असते आणि ते या रीतीला चांगले बळी पडतात. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या अ आणि ई काविळीचे विषाणू कठीण कवचाचे असतात. द्रव्य आत शिरत नाही, म्हणून ते बरेचसे निसटतात.

तिसरी, संख्येची. प्रक्रियेने विषाणू दहा हजार पटींनी, कधी लाख पटींनी घटतात. रक्तात विषाणू अफाट संख्येने असतील, तर थोडे उरू शकतात. म्हणून ज्या देशांत ही रीत आहे, तिथेही रक्ताची तपासणी बंद केलेली नाही.

चौथी, किमतीची. प्रक्रियेत थोड्या प्लेटलेट वाया जातात आणि उरलेल्यांचा जोर काहीसा कमी होतो. प्लाझ्मातली काही गोठवणारी प्रथिनेही घटतात. खास पिशव्या आणि यंत्र यांचा खर्च वेगळा.

मग आपले लेकरू कशाने वाचते?

यंत्र पोचत नाही तिथे माणसाचा प्रामाणिकपणा पोचतो. तांबड्या पेशींच्या पिशवीला आजही दोनच मोठे आधार आहेत : चांगली तपासणी आणि खरे बोलणारा, पैसे न घेणारा रक्तदाता.

पूर्वी गरिबीपोटी रक्त विकणारे लोक होते. पैशाची गरज असलेला माणूस आपला आजार लपवतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ च्या निकालात ही पद्धत बंद करायला सांगितली आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. आज १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांत, विहारांत रक्तदान शिबिरे होतात, तरुण रांगा लावतात. या रांगेतल्या प्रत्येकाने पुढच्या गोष्टी पाळल्या, तर तपासणीतली वेळेची फट बरीच बुजते.

रक्त देणाऱ्यांसाठी :

शिबिरात जो फॉर्म देतात तो मित्राचे पाहून भरू नका. वाचता येत नसेल तर तिथल्या सिस्टरकडून वाचून घ्या. डेंग्यू किंवा चिकुनगुनिया झाला असेल तर पूर्ण बरे झाल्यावर सहा महिने थांबा. मलेरियानंतर तीन महिने, टायफॉइडनंतर एक वर्ष. अंगावर टॅटू काढला किंवा गोंदवून घेतले असेल तर एक वर्ष रक्त देऊ नका. जत्रेत, मेळाव्यात एकच सुई अनेकांना वापरली जाते आणि ब, क कावीळ व एचआयव्ही या मार्गाने लागू शकतात. ब किंवा क कावीळ कधीही झाली असेल, तर रक्त देऊ नका.

"तपासणी फुकट होते, म्हणून रक्त देऊन पाहतो," असे काही पोरे म्हणतात. असे कधीही करू नका. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात आयसीटीसी केंद्रात जा. तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. शंका मनात ठेवून दिलेले रक्त नेमक्या त्या फटीतून दुसऱ्याच्या लेकरापर्यंत जाऊ शकते.

रक्त दिल्यावर दोन-चार दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला फोन करून सांगा. पिशवी अजून तिथेच असेल तर ती बाजूला काढता येते.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आकड्याच्या चढाओढीसाठी किंवा भेटवस्तूचे आमिष दाखवून कोणाला रांगेत उभे करू नये. ज्याला आज रक्त देता येत नाही, त्याची थट्टाही करू नये. "मी आज देत नाही" म्हणणारा तरुणही रुग्णाचा जीव वाचवत असतो.

ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांच्यासाठी :

रक्तपेढीत विचारा : "या रक्ताची नॅट तपासणी झाली आहे का?" हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत देण्याचे नियम आहेत. रुग्णाचे ओळखपत्र काढून जवळ ठेवा. इतर रुग्णांकडूनही रक्ताची किंमत घेता येत नाही, फक्त ठरलेले प्रक्रिया शुल्क घेता येते.

वारंवार रक्त लागणाऱ्या लेकराला ब काविळीची लस पूर्ण दिली आहे ना, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहा. राहिली असेल तर डॉक्टरांना सांगून पूर्ण करून घ्या. या लेकरांची एचआयव्ही आणि काविळीची तपासणी दरवर्षी करून घ्यावी.

डेंग्यूत प्लेटलेटचा आकडा कमी दिसला की घाबरून पिशव्यांसाठी धावू नका. रक्तस्राव नसेल, तर आकडा दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा प्लेटलेट द्याव्या लागत नाहीत. "डॉक्टर, पिशवी खरंच लागते का?" हे विचारा. न चढवलेल्या पिशवीतून कोणताच आजार लागत नाही.

पिशवी लावताना नाव, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख सिस्टरसोबत वाचा. पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळ बसा. थंडी वाजणे, खाज, दम लागणे, कंबर दुखणे, लघवी लाल होणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच हाक मारा. फ्रीजबाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची असते.

काही गैरसमज

पिशवी उन्हात ठेवली तर विषाणू मरतील का? नाही. उन्हाने पेशी खराब होतात आणि जिवाणू वाढतात. असे रक्त जिवावर बेतू शकते. पिशवी गरम पाण्यातही ठेवायची नाही.

एचआयव्हीचा रुग्ण या प्रकाशाने बरा होईल का? नाही. ही रीत पिशवीतल्या रक्तासाठी आहे, माणसाच्या अंगातल्या रक्तासाठी नाही. एचआयव्हीची औषधे सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात, ती रोज घ्यायची.

बी-कॉम्प्लेक्स खाऊन किंवा बावची लावून उन्हात बसलो तर रक्त शुद्ध होईल का? नाही. बावची लावून उन्हात बसल्याने कातडी भाजते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते करू नका.

अशी प्रक्रिया केलेले रक्त मिळाले तर घ्यावे का? प्लेटलेट किंवा प्लाझ्मा तशा प्रक्रियेचा मिळाला, तर जरूर घ्यावा. त्यात टाकलेल्या द्रव्यांची सुरक्षितता तपासूनच परवानगी दिलेली असते.

आपण मागणी कशाची करायची, तेही आता स्पष्ट आहे. प्रत्येक रक्तपेढीत नॅट तपासणी असावी ही पहिली मागणी. प्रकाशाची रीत प्लेटलेट आणि प्लाझ्मासाठी सरकारी मोठ्या रुग्णालयांत यावी ही दुसरी. या दोन्ही गोष्टी मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतरही, येत्या शिबिरात फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर द्या. महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने शिबिराच्या आधी एक संध्याकाळ काढून तो फॉर्म सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.